क्रीडा पिस्तुलाची निवड आणि सराव

क्रीडा पिस्तुलाची निवड म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेत भाग घेणाऱ्या खेळाडूने आपल्या हाताला, दृष्टीला व क्रीडाप्रकाराला अनुरूप असे पिस्तूल पारखून घेणे आणि नियमित सरावाने ते अंगवळणी पाडणे. प्रारंभीच्या काळात बहुतेक नेमबाज प्रशिक्षणकेंद्रातील सामायिक पिस्तूल वापरतात. पुढे स्वतःचे पिस्तूल घेण्याची वेळ येते, तेव्हा किंमत आणि उत्पादकाचे नाव यांपेक्षा मूठ, चाप व साइट या तीन गोष्टींचा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो. महागडे पिस्तूल आणल्यानंतर काही काळ गुण वाढण्याऐवजी घसरतात, हा पुष्कळ खेळाडूंचा अनुभव असतो. त्याचे कारण बहुधा पिस्तुलात नसते. जुन्या शस्त्राने हाताला लावलेली सवय नव्याला लागू पडत नाही, हे ते कारण होय.

भारतात या खेळाची शिखर संस्था नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही असून तिची स्थापना १९५१ साली झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे संस्थापक व पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या नावाने भरणारी अखिल भारतीय स्पर्धा नवोदित नेमबाजांना राष्ट्रीय स्पर्धेकडे नेणारी पायरी मानली जाते. महाराष्ट्रात कोल्हापूर, पुणे व मुंबई येथे नेमबाजीची परंपरा आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले.

नियमांची चौकट

कोणते पिस्तूल घ्यावे याचा निम्मा निर्णय आंतरराष्ट्रीय नियमांनीच केलेला असतो. १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात दाबलेल्या हवेवर चालणारे ४.५ मिलिमीटर व्यासाचे शस्त्र वापरतात. त्याचे वजन १,५०० ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये आणि चाप ओढण्यासाठी किमान ५०० ग्रॅम भार लागला पाहिजे. सर्व जोडण्यांसह पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटर मापाच्या पेटीत बसावे लागते. २५ मीटर पिस्तूल प्रकारात ५.६ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे बोलीभाषेत ‘पॉइंट टू टू’ची काडतुसे वापरतात. तेथे वजनाची मर्यादा १,४०० ग्रॅम व चापाचा किमान भार १,००० ग्रॅम आहे. दुर्बीण अथवा भिंगयुक्त साइट दोन्ही प्रकारांत निषिद्ध आहे. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो. दहा मीटरवरून, एका हाताने, कशाचाही आधार न घेता तेथे छर्रा पोहोचवायचा असतो. एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुढील तपशिलांचे महत्त्व कळते.

स्पर्धेसाठीची नामांकित पिस्तुले प्रामुख्याने युरोपात बनतात : स्टायर ऑस्ट्रियात, मोरिनी स्वित्झर्लंडमध्ये, पार्डिनी इटलीत, तर वॉल्थर व फाइनवेर्कबाऊ जर्मनीत. वरच्या श्रेणीतील या पिस्तुलांच्या अचूकतेत इतका थोडा फरक असतो की, शिकाऊच नव्हे तर अनुभवी खेळाडूलाही त्यावरून निवड करता येणार नाही. निवड करायची ती हातावरून.

मूठ

पिस्तुलाची मूठ लाकडी असते आणि ती उजव्या किंवा डाव्या हातासाठी, लहान-मोठ्या मापांत मिळते. ती तळहाताला सर्वत्र सारख्या दाबाने भिडली पाहिजे. मूठ मोठी असल्यास बोटे तिला पुरती वेढत नाहीत आणि तर्जनी चापापर्यंत ओढून न्यावी लागते. लहान असल्यास हात घट्ट आवळला जातो व थरथर वाढते. तळहाताच्या खालच्या कडेला टेकणारी सरकती फळी हाताला आधार देते. ती वर-खाली करून दाब जुळवतात. मात्र ती वरच्या दिशेने वळलेली असता कामा नये, आणि मुठीच्या कोणत्याही भागाने मनगटाला आधार देता कामा नये, असा नियम आहे.

मूठ योग्य आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून खेळाडूने लक्ष्याकडे रोखून उभे राहावे, डोळे मिटावेत, हात खाली घेऊन पुन्हा सहज वर उचलावा आणि मग डोळे उघडावेत. पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत आपोआप मध्यभागी आलेली दिसली, तर मूठ हाताची आहे. ती प्रत्येक वेळी एकाच बाजूला दिसत असेल, तर मनगट वाकवून ती मध्यभागी आणण्याचा मोह टाळावा. वाकवलेले मनगट साठ नेमांच्या स्पर्धेत कधी ना कधी आपल्या मूळ जागी परतते. अशा वेळी मुठीचा कोन बदलतात, किंवा कानसीने लाकूड घासून व आवश्यक तेथे लाकडी लांबी भरून तिला आकार देतात. नव्या, चकचकीत मुठीवर कानस चालवणे जिवावर येते, परंतु अनेक नामवंत नेमबाजांच्या मुठी भरलेल्या, घासलेल्या व दिसायला ओबडधोबडच असतात. हे काम अनेक दिवसांत, थोडेथोडे करावे. घासलेले लाकूड परत येत नाही. उन्हाळ्यात हात किंचित फुगतो आणि मुंबईसारख्या दमट हवेत घामाने निसटतोही, म्हणून एकाच दिवसाच्या अनुभवावरून आकार निश्चित करू नये.

चाप

बहुतेक क्रीडा पिस्तुलांत चाप दोन टप्प्यांत ओढला जातो. पहिल्या टप्प्यात बहुतांश भार घेतला जातो, मग बोटाला एक स्पष्ट अडसर जाणवतो, आणि तेथून थोडा अधिक दाब देताच नेम सुटतो. या दोन टप्प्यांतील भाराची वाटणी, अडसराची जागा व चापाची लांबी जुळवता येते. तर्जनीच्या पहिल्या पेऱ्याचा मध्यभाग चापावर यावा आणि दाब सरळ मागे जावा, अशी रचना करतात. भार ५०० ग्रॅमच्या अगदी काठावर ठेवणे धोक्याचे असते. स्पर्धेत नळी उभी धरून चापाला वजन लावले जाते. ते उचलले गेले नाही तर त्या चापाने खेळता येत नाही. जाणते खेळाडू त्यामुळे थोडा अधिक भार ठेवतात.

डोळा आणि साइट

माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. पिस्तूल नेमबाजीत पुढची साइट स्पष्ट व लक्ष्य अंधुक दिसले पाहिजे. नवशिक्याला हे उलटे वाटते. परंतु लक्ष्याच्या संदर्भात हात थोडा हलला तर छर्रा तेवढाच सरकतो, उलट दोन साइट परस्परांपासून केसभर ढळल्या तर ती चूक लक्ष्यापर्यंत अनेकपटींनी वाढते. म्हणून पिस्तूल घेताना पुढच्या साइटची रुंदी व मागच्या खाचेची रुंदी बदलता येते का, हे पाहावे. खाचेत साइटच्या दोन्ही बाजूंना दिसणारी प्रकाशाची फट फार अरुंद असल्यास डोळा लवकर थकतो. खेळाडूचा प्रधान डोळा कोणता हेही आधी तपासलेले असावे. उजव्या हाताचा खेळाडू नेहमी उजव्या डोळ्याचाच असतो असे नाही.

छर्रे आणि हवा

सपाट नाकाचे छर्रे ४.४९, ४.५० अशा सूक्ष्म फरकाच्या मापांत मिळतात. आपल्या नळीला कोणते मानवतात हे पिस्तूल घट्ट बसवून, झाडून पाहिल्यावरच कळते. हवेच्या नळकांड्यावर वैधतेची तारीख कोरलेली असते. जुने पिस्तूल विकत घेणाऱ्याने ती आधी वाचावी. तारीख उलटलेले नळकांडे स्पर्धेत चालत नाही आणि उच्च दाबामुळे ते धोकादायकही असते.

अंगवळणी पाडणे

नव्या पिस्तुलाचा सराव छर्ऱ्यांनी सुरू होत नाही. प्रथम ‘ड्राय फायरिंग’, म्हणजे छर्रा न भरता चाप ओढण्याचा सराव केला जातो. बहुतेक एअर पिस्तुलांत यासाठी हवा न सोडता चाप चालवण्याची सोय असते. समोर लक्ष्याऐवजी कोरी पांढरी भिंत असते. गुण मिळत नसल्यामुळे लक्ष केवळ साइट व बोट यांवर राहते आणि चाप सुटताना साइट हलली की नाही, हे लपून राहत नाही. पॉइंट टू टूच्या पिस्तुलात मात्र रिकाम्या नळीवर चाप ओढल्यास काही रचनांत फायरिंग पिन वा नळीचा काठ दुखावतो. तेथे सरावासाठीचे खोटे काडतूस वापरावे.

यानंतर थोडे छर्रे, आणि मग पूर्ण साठ नेम. या टप्प्यावर साइट, चाप आणि मूठ यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलावी व तिची वहीत नोंद ठेवावी. एकाच दिवशी तिन्ही बदलणाऱ्याला गुण का वाढले आणि का घटले, हे दोन्ही कळत नाही. मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर पिस्तूल बदलू नये, यावर प्रशिक्षकांचे सहसा एकमत असते.

बिघाड आणि पर्यायी शस्त्र

टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकर हिच्या पिस्तुलात ऐन मध्यावर बिघाड झाला. दुरुस्तीत पंधरा मिनिटांहून अधिक वेळ गेला, आणि घड्याळ थांबत नसल्याने उरलेले नेम घाईने मारावे लागले. ५७५ गुणांसह ती बाराव्या स्थानी राहिली व अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पॅरिस येथे २०२४ मध्ये तिने याच प्रकारात कांस्यपदक मिळवले. खेळाडूने दुसरे पिस्तूल जवळ बाळगावे, हे अशा प्रसंगी उमगते. पण ते केवळ पेटीत असून भागत नाही. त्याची मूठ व चाप पहिल्यासारखेच जुळवलेले असावे लागतात आणि त्याच्यावरही नियमित सराव झालेला असावा लागतो.

कायदा व सुरक्षितता

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. ४.५ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. स्पर्धेचे एअर पिस्तूल या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते. पॉइंट टू टूच्या पिस्तुलाला परवाना अनिवार्य आहे. परवान्यासाठी सामान्यतः वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याहून लहान खेळाडूंच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत.

परवाना लागत नाही म्हणून एअर पिस्तूल खेळणे ठरत नाही. जवळून सुटलेला छर्रा डोळा निकामी करू शकतो. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजणे, नळी सदैव लक्ष्याच्या दिशेने ठेवणे आणि नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणे हे नियम घरच्या कोऱ्या सरावालाही लागू आहेत. रेंजवर नेम संपताच नळीत रंगीत सुरक्षा-दोरी घालतात, जेणेकरून शस्त्र रिकामे असल्याचे दुरूनही दिसते. घरी पिस्तूल कुलपात व काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवतात, आणि किल्ल्या मुलांच्या हाती लागू देत नाहीत.