संदेश वाहतो तो संदेष्टा

आज नाताळ. येशू ख्रिस्ताच्या जन्मकथेतील गव्हाणी, रानातील मेंढपाळ आणि पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष यांचे स्मरण आज सर्वांनाच होते. परंतु याच कथेच्या अखेरीस एक वृद्धा येते, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तिचे नाव हन्ना. लग्नानंतर अवघी सात वर्षे संसार घडला, मग वैधव्य आले. आणि वयाच्या चौऱ्यांशीपर्यंत उपवास व प्रार्थना करीत ती यरुशलेमच्या मंदिरातच राहिली. मरिया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन विधीसाठी मंदिरात आले, तेव्हा ती पुढे झाली, तिने देवाचे आभार मानले आणि सुटकेची वाट पाहणाऱ्यांना ती त्या बालकाविषयी सांगू लागली. ही हकीकत लूकच्या शुभवर्तमानात आहे. लूक तिला ‘संदेष्ट्री’ म्हणतो. मात्र तिच्या तोंडचे एकही वाक्य तो देत नाही.

संदेष्टा हा मराठी बायबलातील शब्द आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. संदेष्टा म्हणजे ज्योतिषी नव्हे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दुसऱ्याच्या वतीने बोलणारा असा आहे. यंदा मुलीचे लग्न जमेल काय, मुलाला नोकरी लागेल काय, असे प्रश्न घरोघरी असतात आणि त्यांची उत्तरे देणाऱ्यांची वाणही कोठे नसते. संदेष्ट्याचे काम याहून निराळे आहे. पुढे काय होईल हे तो कधी सांगतोही. पण आज आपण देवाच्या दृष्टीने कोठे उभे आहोत, हे सांगणे त्याचे मुख्य काम होय.

आमोसाचेच उदाहरण घ्या. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात तकोवा गावचा हा मेंढपाळ उंबराच्या जातीच्या झाडांचीही निगा राखी. बेथेल येथील राजमान्य देवस्थानी जाऊन त्याने खोट्या तराजूंविषयी आणि वहाणांच्या जोडापायी विकल्या जाणाऱ्या दरिद्री माणसांविषयी सांगितले. तेथील याजकाने त्याला, आपल्या गावी जा आणि तेथेच पोट भर, असे सुनावले. त्यावर आमोस म्हणाला की, मी संदेष्टा नाही आणि संदेष्ट्याचा पुत्रही नाही. मेंढरांमागून देवाने मला उचलले. त्याच्यापाशी ना घराणे होते, ना पदवी. बोलणेही मेंढपाळाचे, रानातल्या उपमांनी भरलेले. देवाने त्याचा आवाज बदलला नाही. होता त्याच आवाजाकडून काम घेतले.

परंतु ‘मला देवाने पाठविले’ असे कोणीही म्हणू शकतो. मग खरा कोण, हे कसे ओळखावे? हा प्रश्न यिर्मयाच्या काळीही तीव्र झाला होता. बाबेलच्या सत्तेचे जू मानेवर आहे हे दाखविण्यासाठी यिर्मया स्वतः लाकडी जू घालून हिंडत असे. हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याने भर मंदिरात ते जू मोडले आणि दोन वर्षांत देश मोकळा होईल अशी ग्वाही दिली. लोकांना हवे होते ते हेच. यिर्मयाने काय केले? तसे घडो, असे तो प्रथम म्हणाला. शांतीचे भाकीत खरे ठरते तेव्हाच ते सांगणारा ओळखू येतो, एवढी आठवण त्याने दिली आणि तो निघून गेला. उत्तर मिळाले तेव्हाच तो परत येऊन बोलला. पुढे यरुशलेमचा पाडाव झाला. ऐकणाऱ्याला गोड लागणारा शब्द खराच असतो असे नाही, आणि सांगण्याजोगे काही नसेल तेव्हा गप्प राहणे हेही संदेष्ट्याच्या प्रामाणिकपणात मोडते.

पहिल्या शतकात, सुमारे ५५ साली, पौलाने करिंथ येथील मंडळीला पत्र लिहिले, तेव्हा तेथील उपासनेत एकच गलबला होत असे. पौलाने संदेश देण्यास बंदी केली नाही. त्याला शिस्त लावली. दोघातिघांनी बोलावे, बाकीच्यांनी पारख करावी. दुसऱ्याला काही सुचले तर पहिल्याने थांबावे. संदेशाने ऐकणाऱ्याची उभारणी व्हावी, त्याला धीर आणि सांत्वन मिळावे. आणि प्रीती नसेल तर हे सारे व्यर्थ होय, हे तो त्याआधीच बजावतो.

‘दिदाखे’ नावाचा एक प्राचीन ग्रंथ याहून व्यवहारी आहे. फिलोथिऑस ब्रायेनिओस या ग्रीक धर्माधिकाऱ्याला त्याचे हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले आणि १८८३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. स्वतःसाठी द्रव्य मागणारा संदेष्टा खोटा. आत्म्याच्या नावाने पान मांडायला सांगून स्वतःच जेवणाराही खोटा. सत्य शिकवूनही तसे न वागणारा तोही खोटा. खऱ्याच्या अंगी प्रभूची वागणूक दिसली पाहिजे. गावात स्थायिक झालेल्या खऱ्या संदेष्ट्याला मात्र अन्न द्यावे, असे हा ग्रंथ सांगतो.

ही कसोटी जुनी झालेली नाही. अमेरिकेतील २०२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत अमुकच उमेदवार विजयी होईल, असे अनेक प्रचारकांनी देवाच्या नावाने सांगितले. ते खोटे ठरले. काहींनी २०२१ मध्ये जाहीर क्षमा मागितली, तेव्हा त्यांच्याच चाहत्यांचा रोष त्यांना सोसावा लागला. त्याच वर्षी तेथील काही ख्रिस्ती पुढाऱ्यांनी अशा सेवेसाठी नियम प्रसिद्ध केले. चूक कबूल करणे हा संदेष्ट्याचा कमीपणा नव्हे. ती न कबूल करण्यात श्रद्धावंतांची फसवणूक आहे.

म्हणूनच या सेवेतील जाणते लोक नवख्यांना साध्याच गोष्टी सांगतात. आवाज चढवू नये, आपल्या नेहमीच्या भाषेत बोलावे. ‘देव असे म्हणतो’ या शब्दांनी समोरच्याचे तोंड बंद करण्याऐवजी ‘मला असे जाणवते, आपण पारखून पाहावे’ असे म्हणावे. लग्न, जन्म, मृत्यू यांच्या तारखा सांगू नयेत. एखाद्याचा दोष उघड्यावर काढू नये.

महाराष्ट्रात नारायण वामन टिळकांचे स्मरण येथे होते. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु आपली भक्ती सांगण्यासाठी उसना आवाज घेतला नाही. अभंग आणि कीर्तन हीच त्यांची वाणी राहिली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. १९१९ मध्ये ते निवर्तले.

आज चर्चमधील घंटा ऐकताना आम्हांस पुनःपुन्हा हन्ना आठवते. तिने कोणाचे भविष्य सांगितले नाही, कोणाकडून काही घेतले नाही. अनेक वर्षे ती ऐकत राहिली आणि वेळ आली तेव्हा जे दिसले ते शेजारच्यांना सांगितले. तिचे शब्द उरले नाहीत. ज्याच्याविषयी ती बोलली त्याचा जन्मोत्सव मात्र आज जगभर साजरा होत आहे.