नारू व पायऱ्यांच्या विहिरी

ड्रॅकन्क्यूलस मेडिनेन्सिस ह्या गोलकृमीमुळे माणसास होणाऱ्या रोगाला व त्या कृमीलाही मराठीत ‘नारू’ असे म्हणतात. आयुर्वेदीय ग्रंथांत ह्या रोगाचा उल्लेख ‘स्नायुक’ ह्या नावाने येतो. दख्खनच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात, विशेषतः मराठवाड्यात, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तो खेड्यापाड्यांतून आढळत असे. नारूवर लस नाही आणि शरीरातील कृमी मारणारे खात्रीचे औषधही अद्याप उपलब्ध नाही. तरीही हा रोग भारतातून नाहीसा झाला आहे. कृमीचे जीवनचक्र, विहिरीच्या पाण्यातील जीवसृष्टी आणि पाण्यात घालावयाच्या विषारी द्रव्याची मात्रा ह्या तीन गोष्टींच्या अभ्यासातून त्यास आळा घालण्याचा मार्ग सापडला.

मादी ६० ते १०० सेंमी. लांब व सुमारे २ मिमी. जाड असून शेवयीसारखी पांढरी दिसते. नर अवघा काही सेंमी. लांब असून तो समागमानंतर शरीरातच मरतो. फलित मादी त्वचेखालील ऊतकांतून सरकत बहुधा पायाकडे येते. तेथे फोड उठतो, आग होते व रुग्णास पाय पाण्यात बुडवावासा वाटतो. पाण्याचा स्पर्श होताच फोड फुटतो आणि मादी दुधासारख्या द्रवातून हजारो डिंभ बाहेर सोडते. डिंभ पाण्यात काही दिवसच जगतात. तेवढ्यात सायक्लोप्स ह्या सूक्ष्म कवचधारी प्राण्याने ते गिळले, तरच त्यांची पुढील वाढ होते. सायक्लोप्सच्या देहगुहेत सुमारे दोन आठवड्यांत दोनदा कात टाकून डिंभ संक्रामणक्षम बनतो. असा सायक्लोप्स पाण्याबरोबर माणसाच्या पोटात गेला की, जठररसाने तो मरतो, परंतु डिंभ सुटून आतड्याच्या भित्तीतून पार होतो. त्यानंतर सुमारे वर्षभराने त्याच माणसाच्या पायावर फोड येतो.

हा वर्षाचा हिशेब फार महत्त्वाचा आहे. बीड जिल्ह्याचा बराच भाग बालाघाटच्या डोंगररांगांनी व्यापला असून तेथील भूमी बेसाल्ट खडकाची आहे. पाणी खडकाच्या फटींत व झिजलेल्या थरांत साठत असल्यामुळे रुंद तोंडाच्या विहिरी खोदण्याची व त्यांतील काहींना तळापर्यंत पायऱ्या बांधण्याची रीत मराठवाड्यात जुनी आहे. अशा बांधीव विहिरीस बारव म्हणतात. (बीड शहराजवळची प्रसिद्ध खजाना विहीर ही १५८२ च्या सुमारास निजामशाहीत मुख्यत्वे सिंचनासाठी बांधलेली असून तिच्यातून कालव्यांनी पाणी नेलेले आहे, गावच्या पिण्याच्या बारवेहून तिचा प्रकार वेगळा होय.) बारवेत उतरणारा माणूस शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभा राहून घागर भरतो. उन्हाळ्यात पाणी तळाला जाते व सायक्लोप्सची दाटी वाढते. शिवाय डिंभ असलेले सायक्लोप्स सुस्त होऊन तळाशी राहतात. तेव्हा घागरीत येते ते नेमके हेच पाणी. चैत्र-वैशाखात पोटात गेलेला नारू पुढच्या चैत्र-वैशाखात बाहेर पडतो, म्हणजे पुन्हा पाणी तळाला गेलेले असतानाच. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा काळ पेरणीपूर्व मशागतीचा. घरातील कर्ता माणूस व बैल हाकणारा मुलगा एकाच वेळी खाटेला खिळल्यास त्या वर्षाची पेरणी हुकत असे. एकदा नारू झाल्याने प्रतिकारशक्ती येत नाही, त्यामुळे तेच घर पुढील वर्षीही सुटत नसे. उपचार म्हणजे बाहेर आलेले टोक काडीवर गुंडाळून कृमी रोज थोडाथोडा ओढून काढणे. तो मध्येच तुटल्यास पाय सुजून पिकतो व कधी कधी सांधा कायमचा आखडतो.

सायक्लोप्सचा ह्या रोगाशी असलेला संबंध रशियन निसर्गवैज्ञानिक अलेक्सी फेदचेन्को यांनी १८७० च्या सुमारास तुर्कस्तानात दाखवून दिला. त्याची मानवाच्या बाबतीतील प्रायोगिक तपासणी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईत झाली. परळ येथील बाँबे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत (१९२५ पासून हाफकिन संस्था) डब्ल्यू. ग्लेन लिस्टन व डी. ए. तर्खड यांनी नारूवर काम केले. डिंभयुक्त सायक्लोप्स गिळल्याने माणसास नारू होतो, हे तर्खडांच्या प्रयोगांनी सिद्ध झाले. जनावरांतील नारूविषयीही त्यांनी लिहिले. त्याचे महत्त्व पुढे बऱ्याच काळाने ध्यानी आले. १९३६ मध्ये म्हैसूर संस्थानातील चित्रदुर्ग भागात व्ही. एन. मूर्ती व डब्ल्यू. सी. स्वीट यांनी पायऱ्यांच्या विहिरींत सायक्लोप्स खाणारे लहान मासे सोडून जैव नियंत्रणाचा मार्ग दाखविला आणि कुत्र्यांनाही प्रयोगाने नारूचे संक्रामण होते हे नोंदविले. त्याच सुमारास स्वीडिश वैद्य क्नुट लिंडबर्ग सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी परिसरात राहून सायक्लोप्सच्या जातींचे वर्गीकरण व दख्खनमधील नारूचा प्रसार ह्या दोहोंचा अभ्यास करीत होते. एकाच व्यक्तीने रोगी व त्या रोगाचा मध्यस्थ पोषक असे दोन्ही पाहिल्याची उदाहरणे विरळाच. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. कृमी मात्र राजकीय सीमा मानीत नव्हता आणि बार्शीकडील विहिरींबाबत जे खरे, तेच सीमेपलीकडील बारवांनाही लागू होते.

विहिरीतील सायक्लोप्स मारण्यासाठी पूर्वी चुना, पोटॅशियम परमँगॅनेट, मोरचूद इ. द्रव्ये वापरीत. पाणी निर्जंतुक करण्यास पुरेशी असलेली क्लोरिनाची नेहमीची मात्रा सायक्लोप्सला बाधत नाही. पिण्याच्या पाण्यात विष घालावयाचे म्हणजे ते सायक्लोप्सला मारक पण माणसास निरुपद्रवी असले पाहिजे. रॅल्फ म्युलर यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगशालेय चाचण्यांनंतर टेमेफॉस ह्या कार्बनी फॉस्फरसयुक्त द्रव्याकडे लक्ष वेधले गेले. सस्तन प्राण्यांना त्याची विषबाधा फारच कमी होते. मात्रा लिटरला १ मिग्रॅ. असते. एक लाख लिटर पाण्याच्या विहिरीस १०० ग्रॅ. शुद्ध द्रव्य, म्हणजे ५० टक्के तीव्रतेचे सुमारे २०० मिलि. द्रावण लागते. त्याचा प्रभाव टिकत नसल्यामुळे नारूच्या हंगामात साधारणतः दर चार आठवड्यांनी ते पुन्हा घालावे लागते. येथे खरी अडचण रसायनाची नसून मोजमापाची असते : बारवेचा आकार वेडावाकडा, पाण्याची खोली दर आठवड्यास बदलणारी, अंदाज चुकल्यास मात्रा निष्फळ ठरते किंवा पाण्यास वास येऊन लोक ते नाकारतात. म्हणून विषप्रयोग हा तात्पुरता उपायच मानावा लागतो.

कायमचा उपाय स्थापत्याचा होता. पायऱ्या बुजवून, कठडा बांधून व रहाट बसवून बारवेचा आड केला की, रुग्णाचा पाय पाण्याला लागत नाही व चक्र तुटते. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरींची संख्या वाढली. मराठवाड्यातील जालना येथे तयार झालेला हातपंप व त्यानंतरचा सोलापूर पंप ह्यांच्या अनुभवातून ‘इंडिया मार्क २’ हा पंप विकसित झाला व पुढे देशभर पसरला. बंदिस्त विंधन विहिरीच्या पाण्याशी रुग्णाच्या पायाचा संबंधच येत नाही. दुहेरी कापडातून पाणी गाळून घेणे हा त्यास घरगुती जोड उपाय होय.

राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून सुमारे ४० हजार रुग्ण आढळले. घरोघर शोध, विहिरींतील औषधयोजना व सुरक्षित पाणी ह्यांमुळे ही संख्या झपाट्याने घटली. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. उपयोग थांबलेल्या कित्येक बारवा मात्र गाळाने व कचऱ्याने भरून गेल्या.

जगात १९८६ च्या सुमारास सुमारे ३५ लाख रुग्ण असावेत असा अंदाज होता. २०२३ मध्ये ही संख्या १४ वर आली. तथापि आफ्रिकेतील चाड देशात २०१२ पासून कुत्र्यांमध्ये नारू मोठ्या प्रमाणावर आढळू लागला असून त्यामुळे जागतिक निर्मूलन लांबले आहे. तर्खड व मूर्ती यांनी जनावरांविषयी केलेल्या नोंदी त्यामुळे पुन्हा अभ्यासाचा विषय झाल्या आहेत.