साडेसहा अंशांचा उतार

पिनबॉलच्या यंत्रावरची काच काढून फळी निरखली, तरी तिचा उतार जेमतेम जाणवतो. तो असतो साधारण साडेसहा अंशांचा. त्यावर धावते 27 मिलिमीटर व्यासाची, 80 ग्रॅम वजनाची पोलादी गोळी. कॅरमची सोंगटी पावडरीवरून घसरते. ही गोळी घरंगळते आणि तिथेच हिशेब बदलतो. उताराने दिलेल्या ऊर्जेपैकी दोन सप्तमांश ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यातच जाते. त्यामुळे थांबलेल्या गोळीला मीटरभर उतरायला दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो.

खेळाला खरा वेग येतो तो बंपरमुळे. त्याच्या तळाशी प्लास्टिकची चकती असते. गोळी तिच्यावर चढली की चकती कलते, स्विच जुळतो, सोलेनॉइड हा विद्युतचुंबक वरचं धातूचं कडं खाली खेचतो आणि कड्याच्या तिरक्या कडेखाली सापडलेली गोळी बाहेर भिरकावली जाते. रबरावर आपटून गोळीचा वेग घटतो. इथे वीज तो वाढवून देते.

बंपरचा गोलपणा मात्र घातक. गोळी केसभर बाजूला लागली, तरी उडण्याची दिशा बदलते. समजा, दोन टकरींमधलं अंतर 20 सेंटिमीटर आहे आणि टकरीच्या क्षणी गोळी आणि बंपर यांच्या केंद्रांमध्ये 4 सेंटिमीटर अंतर आहे. मग प्रत्येक टकरीमागे चूक साधारण दसपट होते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा फरक चार टकरींत सेंटिमीटरवर जातो. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी केऑस समजावताना पिनबॉलचंच उदाहरण घेतलं, ते उगीच नव्हे.

या वाढत्या चुकीला लगाम घालतो फ्लिपर, म्हणजे बटण दाबताच उचलला जाणारा दांडा. शिकागोच्या गॉटलीब कंपनीत हॅरी मॅब्स यांनी 1947 मध्ये ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रावर सहा फ्लिपर बसवले. त्याआधी खेळाडूच्या हाती होतं ते गोळी आत सोडणारा प्लंजर ओढणं आणि यंत्राला धक्के देणं. नवख्याला वाटतं, फ्लिपर टोलवण्यासाठीच आहे. मुरलेला खेळाडू गोळी पडत असताना उचललेला फ्लिपर नेमक्या क्षणी खाली सोडतो. पृष्ठभाग गोळीबरोबर मागे सरकतो, टक्कर मऊ होते, उसळी मरते. थांबलेल्या गोळीला मागच्या टकरींचा इतिहास उरत नाही. मग ती फ्लिपरच्या टोकाकडे कुठवर घरंगळू द्यायची, एवढंच ठरवायचं. टोकाजवळून मारलेली गोळी पलीकडच्या बाजूला अधिक तिरकी जाते.

न्यूयॉर्कने 1940 च्या दशकात पिनबॉलवर बंदी घातली, ती जुगार समजून. हा कसबाचा खेळ आहे हे पटवायला 1976 मध्ये खेळाडू रॉजर शार्प यांनी नगर परिषदेसमोर खेळून दाखवलं. प्लंजर ओढण्याआधी त्यांनी गोळी वरच्या मधल्या वाटेने जाईल असं सांगितलं आणि ती तशीच गेली. बंदी उठली. पुढे शार्प यांनीच कबूल केलं, की त्या फटक्यात नशिबाचा वाटा होता. तरी निकाल चुकला नाही. कसब पाहायचं तर प्लंजरपाशी नव्हे, गोळी थांबवणाऱ्या फ्लिपरपाशी पाहायला हवं होतं.