नवा पीसी हँग होतोय? लगेच लाईटीवर आळ घेऊ नका

तुळजापूर, उमरगा, कळंब, कुठेही जा. लग्नाचे अल्बम जुळवणारा स्टुडिओ असो, फ्लेक्सचं दुकान असो किंवा यूट्यूबसाठी एडिटिंग करणारा मुलगा असो, तगडा पीसी हवा असला की सुटे पार्ट मागवून जोडून घ्यायचा, असाच बेत ठरतो. कुणी पार्ट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणतं, कुणी पुण्याहून, बाकीचे ऑनलाइन मागवतात. पैसे मोजून झाले, पूजा झाली, पहिला व्हिडिओ रेंडरला लावला आणि मध्येच पडदा गोठला. माउस हलत नाही, स्पीकरमधून एकच घर्रर्र आवाज. किंवा काहीच न सांगता मशीन आपोआप रीस्टार्ट.

मग सल्ले सुरू होतात. ‘लाईटीचा घोळ आहे.’ ‘विंडोज पुन्हा टाका.’ ‘ग्राफिक कार्ड बदला.’ या सल्ल्यांमध्ये तथ्य अजिबात नाही असं नाही, पण पुरावा न बघता दिलेले असल्यामुळे ते महाग पडतात.

‘आपल्याकडची लाईटच तशी’

हा सगळ्यात लाडका समज. पूर्ण खोटा नाही, म्हणून जास्त फसवतो. विजेचा झटका बसला की पीसी एकतर बंद होतो किंवा रीस्टार्ट होतो. पडद्यावरचं चित्र जागच्या जागी गोठून पंखे मात्र फिरत राहिले, तर वीज गेलेली नाही, कारण पंख्यांना ती मिळतेच आहे. तो दोष बहुधा रॅम, ड्रायव्हर, डिस्क किंवा प्रोसेसरकडचा. आणि मशीन रीस्टार्ट झालं त्याच क्षणी खोलीतला बल्ब मिचकावला का, वायफायचा राउटर बंद पडला का, एवढं पाहिलं तरी निम्मा वाद मिटतो.

व्होल्टेज कमी आहे म्हणून स्टॅबिलायझर घ्या, असंही सांगितलं जातं. आजचे बरेचसे बऱ्यापैकी एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारे डबे, १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात. तसं बाजूच्या लेबलवर छापलेलं असतं, वाचून घ्यावं. अशा एसएमपीएसला संध्याकाळी १८० व्होल्ट आले तरी फरक पडत नाही. त्याला चालत नाही ती खंडित वीज, आणि खंड भरून काढणं हे स्टॅबिलायझरचं कामच नाही. उलट रिलेवाला स्टॅबिलायझर ‘टक’ करून टप्पा बदलतो तेव्हा क्षणभर तोच खंड पाडतो.

खरी गोम इन्व्हर्टरमध्ये असते. एटीएक्स एसएमपीएसच्या मार्गदर्शिकेत वर्षानुवर्षं अपेक्षा अशी होती की वीज गेल्यावर पूर्ण लोडवर सुमारे १७ मिलिसेकंद त्यातल्या कपॅसिटरनं तग धरावा. आपल्या ५० हर्ट्झ विजेचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं. घरगुती इन्व्हर्टरला मागे किंवा पुढे एक छोटं बटण असतं: यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड. यूपीएस मोडवर तो साधारण १० मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो, नॉर्मलवर त्याहून बराच वेळ घेतो. पण यूपीएस मोडवर त्याला व्होल्टेज कमी झालेलं खपत नाही. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की तो सारखा बॅटरीवर जातो, बॅटरी लवकर उतरते, म्हणून घरातलं कुणीतरी ते बटण नॉर्मलवर सरकवून ठेवतं. पंखा, टीव्ही मजेत चालतात. पीसी मात्र दर वेळी रीस्टार्ट होतो आणि आळ येतो एसएमपीएसवर.

दुसरी गफलत ६०० व्हीएच्या यूपीएसची. तो साधारण ३६० वॅटच देतो. इंटेलच्या १४७००के प्रोसेसरची टर्बोमधली कमाल २५३ वॅट, आरटीएक्स ४०७० कार्डाची २००. दोघं एकदम राबायला लागले आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली, तर तो यूपीएस ओव्हरलोडची शिट्टी मारून आडवा होणार. साध्या ऑफिस पीसीला पुरत होता, म्हणून याला पुरेल असं नाही.

‘कॅबिनेटला झिणझिण्या येतात, तेवढं चालतंच’

चालत नाही. एसएमपीएसच्या आत विजेतला नॉइज गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून अर्थिंगला आणि एक न्यूट्रलकडून. अर्थिंगची वायर नसेल किंवा तुटली असेल, तर कॅबिनेटचा पत्रा या दोघांच्या मध्ये लोंबकळतो आणि त्यावर साधारण निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११० च्या आसपास, दिसतं. करंट अगदी किरकोळ, म्हणून फक्त मुंग्या येतात. पण यूएसबीची डिस्क मध्येच तुटणं, टीव्हीला एचडीएमआय जोडताना पोर्ट जळणं हे अशाच ठिकाणी घडू शकतं. मल्टिमीटरनं फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या वर काही दिसू नये. आपल्या काळ्या मातीला मे महिन्यात भेगा पडतात, तेव्हा पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंगही कमजोर होतं. खड्ड्यात पाणी घालायची जुनी पद्धत उगाच पडलेली नाही.

‘रॅम नवी आहे, ती कशी खराब असेल?’

नव्या जोडणीतल्या हँगचा पहिला संशयित माझ्या मते रॅम, आणि बहुतेक वेळा ती खराब नसतेच. डब्यावर ६००० लिहिलेलं असतं. तो वेग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू केल्यावर मिळतो आणि ते सरळ सरळ ओव्हरक्लॉकिंग आहे. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांना अधिकृतपणे ५६०० पर्यंतचीच डीडीआर५ मान्य आहे, रायझन ७००० ला ५२००. पुढे कधीतरी पैसे आल्यावर अजून दोन पट्ट्या घालून चार केल्या, तर रायझन ७००० चा अधिकृत वेग ३६०० वर येतो. दुकानदारानं मात्र चार पट्ट्या घालून ६००० लावून दिलेलं असतं, कारण दुकानात दहा मिनिटं चालवून बघताना ते चालतं.

तपासायचं कसं? बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद करा आणि आठवडाभर नेहमीचं काम करा. हँग थांबलं, तर विंडोजला बोल लावायचं कारण उरलं नाही. मग मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. त्यात एकही एरर आली तरी ती जास्तच. आली तर एकेक पट्टी काढून पुन्हा चालवा. दोनच पट्ट्या असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात, बहुतेक बोर्डांना तसंच लागतं. आणखी एक: डीडीआर५ चा पीसी पहिल्यांदा सुरू करताना कधी कधी मिनिटं-मिनिटं काळा पडदा दाखवतो. रॅमची जुळवणी चाललेली असते. घाबरून तेव्हाच बटण दाबणारे पुष्कळ.

‘मेसेजमध्येच ग्राफिकचं लिहिलंय’

मेसेजवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ताजंच आहे. इंटेलच्या १३व्या पिढीचे प्रोसेसर २०२२ च्या ऑक्टोबरात आले, १४व्या पिढीचे २०२३ च्या ऑक्टोबरात. त्यातल्या वरच्या मॉडेलांवर गेम सुरू होताना ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असा मेसेज येऊन सगळं बंद पडायचं. लोकांनी कार्डं बदलली. दोष निघाला प्रोसेसरात: त्याला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं आणि तो हळूहळू झिजत होता. इंटेलनं जुलै २०२४ मध्ये हे मान्य केलं. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड आले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हे दुरुस्तीचे कोड बायोस अपडेटमधून येतात. म्हणजे अशा प्रोसेसरचा बोर्ड वर्षभर दुकानात पडून राहिलेला असेल, तर तुमचा ‘नवा’ पीसी जुन्याच बायोसवर चालला असू शकतो. आणि अपडेटनं पुढची झीज टळते, झालेली भरून येत नाही. मोठी झिप फाइल उघडताना वारंवार एरर येत असेल, तर या पिढ्यांच्या प्रोसेसरवर संशय घ्यायला जागा आहे.

‘विंडोज पुन्हा टाकलं की बरं वाटतं’

फॉरमॅट मारल्यावर पुरावाच नाहीसा होतो. विंडोज स्वतः नोंदी ठेवतं, त्या आधी बघाव्यात. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की दिवसवार आलेख उघडतो, कोणत्या दिवशी काय कोसळलं ते लाल फुल्यांनी दिसतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की लोक एसएमपीएस काढायला धावतात. ती नोंद एवढंच म्हणते की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. हँग झाल्यावर तुम्ही स्वतः बटण दाबून धरलंत, तरी ४१च पडतो. ‘व्हीया-लॉगर’ दिसला तर मात्र हार्डवेअरकडं बघा. काही सेकंद सगळं थिजून पुन्हा चालू होत असेल आणि नोंदीत १२९ किंवा १५३ असेल, तर एसएसडी, तिची केबल किंवा खाच तपासा.

उष्णतेबद्दल एकच सांगतो. इथल्या मेमधल्या उन्हाळ्यातही प्रोसेसर तापला तर तो आधी वेग कमी करतो, एकदम गोठत नाही. इंटेलची मर्यादा १०० अंशांची, रायझन ७००० तर ९५ वर मुद्दाम चालवलेला. त्याहीपलीकडे गेलं तर मशीन सरळ बंद होतं, आणि तेव्हा कूलरखालचं पारदर्शक प्लास्टिक काढायचं राहिलंय का ते बघावं. हसू नका, राहतं ते. जोडलेला पीसी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आला असेल, तर ग्राफिक कार्ड, रॅम आणि पॉवरच्या केबली काढून पुन्हा दाबून बसवणं ही अर्ध्या तासाची फुकट तपासणी आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तारीख लिहून ठेवा. पार्ट परत पाठवायची वेळ आलीच तर बिलावर सीरियल नंबर हवा. बॉक्समधल्या प्रोसेसरची वॉरंटी कंपनीकडं मागता येते, ट्रेमधल्या सुट्या प्रोसेसरसाठी विकणाऱ्यालाच धरावं लागतं, म्हणून स्वस्तात मिळाला तरी घेताना विचारून घ्या. आणि मदरबोर्डच्या सॉकेटवरचं ते काळं प्लास्टिकचं झाकण जोडणीच्या दिवशी कचऱ्यात टाकू नका. ते नसलं तर वाटेत सॉकेटच्या पिना वाकतात, आणि वाकलेल्या पिनांचा बोर्ड वॉरंटीत घेत नाहीत.