कुलूप बदलण्याची वेळ

इच्छादेवीच्या दर्शनाला आलेला भाविक इच्छापुरात नारळाचे पैसे मोबाइलने देतो, तेव्हा तो व्यवहार अवघड गणिताच्या भरवशावर सुरक्षित राहतो. प्रचंड संख्येचे मूळ अवयव शोधणे आजच्या संगणकाला जवळजवळ अशक्य आहे. पण पुरेसा मोठा क्वांटम संगणक ते झटपट करू शकेल, हे गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवले. असा संगणक अजून नाही. मात्र आज चोरून साठवलेली माहिती उद्या उघडता येईल. आरोग्याच्या नोंदी, जमिनीचे कागद यांच्यासाठी हा धोका आजचाच आहे.

म्हणून अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेने २०१६ मध्ये जगभरच्या संशोधकांना माहिती कुलूपबंद ठेवण्याच्या नव्या पद्धती सुचवायला सांगितले. पहिल्या फेरीत ६९ प्रस्ताव स्वीकारले गेले. मला यातली खरी मोलाची गोष्ट वाटते ती पुढची: सगळे प्रस्ताव उघड ठेवले गेले आणि एकमेकांच्या पद्धती फोडायला सगळेच बसले. ‘साइक’ ही पद्धत चौथ्या फेरीपर्यंत टिकली होती. २०२२ मध्ये बेल्जियमच्या ल्यूवेन विद्यापीठातल्या कास्ट्रिक आणि डेक्रू या संशोधकांनी तिची एक आवृत्ती साध्या संगणकाच्या प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर सुमारे तासाभरात फोडली. बँकांत पोहोचण्याआधीच फुटली, हे किती बरे झाले!

ऑगस्ट २०२४ मध्ये पहिली तीन मानके जाहीर झाली. त्यांतले ‘कायबर’ या पद्धतीवर आधारलेले मानक गुप्त किल्ली ठरवण्यासाठी आहे, उरलेली दोन डिजिटल सहीसाठी. ही सगळी आजच्याच फोनवर चालतात. सध्या अनेक ठिकाणी जुनी आणि नवी पद्धत एकत्र वापरतात, म्हणजे एक फुटली तरी दुसरी उभी राहते.