श्वासातील ओलावा : वैद्यकीय ह्युमिडिफायर व प्रयोगशाळेतील काही उपकरणे

प्रस्तुत लेखक विज्ञानाचा नव्हे, भाषेचा शिक्षक आहे. तरीही या विषयाकडे वळण्याचे कारण घरगुती आहे. २०२१ च्या मे महिन्यात माझ्या सासऱ्यांना रुग्णालयातून घरी सोडले तेव्हा सोबत भाड्याने आणलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यंत्र होते. यंत्राला पाण्याची एक छोटी प्लास्टिकची बाटली जोडलेली होती आणि तिच्यासोबतच्या मराठी माहितीपत्रकात एवढेच लिहिले होते : "बाटलीत शुद्ध पाणी भरावे." मेहुण्याने मला विचारले, "दुल्हाभाई, शुद्ध पाणी म्हणजे आपल्या फिल्टरचंच ना?" मी बेधडक "हो" म्हणालो. दोन दिवसांनी तपासायला आलेल्या परिचारिकेने बाटली हातात घेऊन उजेडात धरली. तळाशी बुळबुळीत थर धरला होता. तिने ती लगेच बदलायला लावली. सासऱ्यांना काही अपाय झाला नाही, परंतु उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाला 'शुद्ध' या शब्दाचा अर्थ विचारला गेला होता आणि त्याने तो चुकीचा सांगितला होता, ही गोष्ट मनातून जाईना. त्यानंतर जे वाचले आणि समजून घेतले, ते महाविद्यालयीन शिक्षक बंधू-भगिनींसमोर ठेवत आहे.

प्रथम नाकाचा विचार करू. आपण खोलीतली हवा घेतो ती समजा २० अंश सेल्सिअसची आणि निम्मी दमट असेल, तर तिच्या एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम बाष्प असते. हीच हवा श्वासनलिकेच्या दुभाजनाच्या थोडे खाली पोहोचते तेव्हा ती ३७ अंशांची आणि पूर्ण संपृक्त झालेली असते, म्हणजे लिटरला ४४ मिलिग्रॅम. मधला फरक नाक, घसा आणि श्वासनलिका यांचे ओले अस्तर भरून काढते. उच्छ्वासाच्या वेळी यातला काही भाग थंड झालेल्या नाकात परत जमा होतो. शालेय पुस्तकांत निरपेक्ष आणि सापेक्ष आर्द्रता असे दोन शब्द शिकवले जातात आणि मुलांना ते रटाळ वाटतात. सापेक्ष आर्द्रता शेकडा १०० असूनही हवा फुप्फुसाच्या दृष्टीने कोरडी असू शकते, हे उदाहरण दिले की फरक चटकन ध्यानात येतो. २५ अंशांची संपृक्त हवा लिटरमागे २३ मिलिग्रॅमच बाष्प बाळगते. शरीराला हवे असते त्याच्या जवळजवळ निम्मेच.

आता रुग्णालयातील ऑक्सिजन. हवा द्रवरूप करून तिच्यापासून तो वेगळा काढतात. त्या थंडीत पाणी टिकू शकत नाही, ते आधीच काढून टाकावे लागते. घरगुती कॉन्सन्ट्रेटरमधले झिओलाइटही नायट्रोजनसोबत ओलावा शोषून घेते. म्हणून नळीतून येणारा वायू कोरडाठाक असतो. रुग्णाच्या घशात नळी घातलेली असेल किंवा गळ्याला छिद्र पाडलेले असेल, तर नाक पूर्णच वगळले जाते. मिनिटाला १० लिटर श्वास धरला तर दिवसाचे १४,४०० लिटर होतात, आणि कोरड्या वायूला संपृक्त करायला सुमारे ६३० ग्रॅम पाणी लागते. ते बाहेरून दिले नाही तर खालच्या अस्तरातून ओढले जाते. कफ घट्ट होतो, तो वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांची हालचाल मंदावते आणि नळीच वाळलेल्या कफाने बंद होण्याचा धोका असतो. अतिदक्षता विभागातील ह्युमिडिफायर ही सोय नसून गरज आहे, ती यामुळे.

आपण सर्वांनी पाहिलेली बुडबुड्यांची बाटली मात्र या कामात फारच कमी पडते, हे मला नव्याने कळले. पाणी खोलीच्या तापमानाचे, बुडबुडा पाण्यात राहतो क्षणभर, आणि बाष्पीभवनामुळे पाणी उलट थंडच होत जाते. रुग्ण स्वतःच्या नाकाने श्वास घेत असेल आणि प्रवाह मिनिटाला ४ लिटरच्या आत असेल, तर सहसा नाकच ते काम निभावते. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर अशा बाटल्या वापरू नयेत असेच म्हटले आहे : लक्षणीय फायद्याचा पुरावा नाही, संसर्गाची शक्यता मात्र आहे. आपल्याकडे बाटलीत बुडबुडे उठताना दिसले की घरच्यांना धीर येतो. त्या धीराची किंमत मी कमी लेखत नाही, पण औषध वेगळे आणि धीर वेगळा. (तुमच्या रुग्णाची बाटली या लेखावरून काढू नका, डॉक्टरांना विचारा.)

२०२१ च्या मे महिन्यात देशात म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले तेव्हा बाटलीतल्या पाण्यावरही संशय गेला, आणि ऑक्सिजन देताना ह्युमिडिफायरमध्ये स्वच्छ, निर्जंतुक पाणी वापरण्याची सूचना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केली. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा वापर ही मोठी कारणे होती. पाण्याचा वाटा किती, हा वेगळा प्रश्न आहे.

खरा उपाय म्हणजे पाणी तापवणे. त्याची हकीकत रंजक आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाचे डॉ. मॅट स्पेन्स यांना कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्णांसाठी नीट ओलावा देणारे उपकरण हवे होते. १९६९ मध्ये सरकारी अभियंते आल्फ मेलव्हिल आणि फिशर अँड पायकेल या कंपनीचे अभियंते डेव्ह ओ'हेअर यांच्या हातून पहिला नमुना तयार झाला. त्याचे पात्र होते फळे टिकवण्याची काचेची बरणी! ही कंपनी तोवर फ्रिज आणि धुलाई यंत्रे बनवणारी म्हणून ओळखली जात होती. १९७१ च्या सुमारास यंत्र विक्रीस आले आणि पुढे त्याच व्यवसायातून स्वतंत्र वैद्यकीय कंपनी उभी राहिली. शोध म्हटला की आपल्या विद्यार्थ्यांसमोर मोठी प्रयोगशाळा उभी राहते. लोणच्याच्या बरणीची सख्खी बहीण त्यांना दाखवायला हरकत नाही.

परंतु बरणी तापवल्याने एक नवी अडचण उभी राहिली. उबदार, संपृक्त वायू थंड नळीतून रुग्णाकडे जाताना नळीच्या आतून थेंब धरतात. पाणी साचते, श्वासाला अडथळा होतो, आणि ते पाणी चुकून रुग्णाकडे वाहू शकते. यावर नळीच्या आतच तापणारी तार बसवण्याची युक्ती निघाली. पात्रातून बाहेर पडणारा वायू ३७ अंशांना संपृक्त ठेवायचा आणि नळीतून जाताना तो ४० अंशांपर्यंत तापवायचा. बाष्प तेवढेच, पण तापमान वाढल्याने थेंब धरत नाहीत. रुग्णाजवळच्या शेवटच्या टप्प्यात तो पुन्हा ३७ वर येतो. दोन ठिकाणी तापमापक, दोन तापक आणि मध्ये नियंत्रण करणारे मंडल, एवढाच त्याचा गाभा. कोविडकाळात नाकातून मिनिटाला ६० लिटरपर्यंत प्रवाह देणारी यंत्रे वापरली गेली, ती याच तत्त्वामुळे सुसह्य झाली. एवढ्या वेगाचा कोरडा वायू नाकात कोणी सोसू शकला नसता.

येथे भाषेच्या शिक्षकाला एक मुद्दा मांडावासा वाटतो. नळीत नको असलेला हाच थेंब प्रयोगशाळेत मात्र हवाहवासा असतो. भांड्यात द्रव उकळायचा, बाष्प वर थंड करायचे आणि थेंब वेगळे जमवायचे, हे ऊर्ध्वपातन. उर्दूत जुन्या युनानी औषधशाळांतला शब्द आहे 'क़रअ-अंबीक़'. क़रअ म्हणजे दुधी भोपळा, त्या आकाराचे खालचे भांडे. अंबीक़ म्हणजे वरचे टोपण. हा शब्द मूळ ग्रीक, अरबीत जाऊन 'अल-अंबीक़' झाला आणि तेथून युरोपच्या भाषांत 'अलेम्बिक' म्हणून शिरला. सुमारे ९२५ मध्ये निधन पावलेले वैद्य व रसायनज्ञ अर-राझी यांनी आपल्या ग्रंथात अशा उपकरणांची पद्धतशीर यादी दिली आहे. मराठीत आपण सहज 'अर्क' म्हणतो, तो अरबी 'अरक़', त्याचा मूळ अर्थ घाम. टोपणाला सुटलेला घाम तो अर्क! म्हणून सगळे शोध आपल्याच पूर्वजांनी लावले असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. उपकरण आणि शब्द दोन्ही प्रवास करत आले, एवढेच यातून दिसते.

दुसऱ्या बाजूने निसर्गाची नक्कल करण्याचा प्रयत्नही झाला. १९६० च्या सुमारास स्वीडनमध्ये गळ्याला छिद्र पाडलेल्या रुग्णांसाठी 'कृत्रिम नाक' पुढे आले. उच्छ्वासातील उष्णता आणि ओलावा आतल्या पदरांवर अडवायचा आणि पुढच्या श्वासाला तोच परत द्यायचा. वीज नको, पाणी नको. आज हे लहानसे प्लास्टिकचे डबे शस्त्रक्रियागृहात सर्वत्र दिसतात. उंटाच्या नाकाची रचनाही याच जातीची आहे. नुट श्मिट-निल्सन यांच्या गटाने १९८१ मध्ये दाखवले की तहानलेला उंट रात्री बाहेर सोडलेली हवा नाकातच थंड करतो आणि तिच्यातील बाष्प अस्तरात शोषून ठेवतो.

प्रयोगशाळेत ओलावा मोजावाही लागतो. जिनिव्हाचे होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७८३ मध्ये मानवी केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तेल काढून टाकलेला केस पूर्ण कोरड्यापासून पूर्ण दमट हवेपर्यंत शेकडा अडीचपर्यंत लांबतो, तेवढ्यावर काटा फिरतो. आता बाजारात काही शे रुपयांना डिजिटल मापक मिळतात, पण त्यांचा आकडा खरा कशावरून? त्याची तपासणी कोणत्याही महाविद्यालयात होऊ शकते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थोडेसे पाणी टाकून ते ओल्या वाळूसारखे करा आणि मापकासह घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत आठ-दहा तास एका तापमानाला ठेवा. मापकाने सुमारे ७५ दाखवले पाहिजे. मीठ पूर्ण विरघळलेले नको, हे महत्त्वाचे. बाष्प जास्त झाले तर आणखी मीठ विरघळते, कमी झाले तर थोडे मीठ बाहेर पडते, त्यामुळे द्रावणाची तीव्रता बदलत नाही आणि वरच्या हवेची आर्द्रताही स्थिर राहते. मॅग्नेशियम क्लोराइड घेतले तर हाच आकडा ३३ च्या आसपास येतो. आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांसोबत तीन मापक तपासले. एकाने ७४ दाखवले, एकाने ७९, तिसरा ६६ वर अडून बसला. तोच सर्वांत महाग होता.

पेशी वाढवण्याच्या उबवण पेटीतही तळाशी पाण्याचे तबक असते. ते आटले तर तबकड्यांतील द्रव आटतो, क्षार वाढतात आणि पेशी मरतात. त्या तबकातही निर्जंतुक पाणीच लागते, नळाचे चालत नाही.

आता शब्दाकडे परत येतो. फिल्टरचे पाणी पिण्यास योग्य असते, पण त्यातला क्लोरीन निघून गेलेला असतो आणि उभ्या बाटलीत जंतू वाढू शकतात. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणारे 'डिस्टिल्ड वॉटर' क्षारमुक्त असते, निर्जंतुक असेलच असे नाही. निर्जंतुक पाणीही बाटली उघडून दिवसेंदिवस ठेवले की तसे राहत नाही. मराठीत या तिन्हींना 'शुद्ध' म्हणता येते, उर्दूत 'साफ़' म्हणता येते, आणि घोटाळा तिथेच होतो. यंत्र परत करण्यापूर्वी मी माहितीपत्रकाच्या त्या ओळीवर कागद चिकटवला आणि त्यावर दोन्ही लिप्यांत लिहिले : "औषध दुकानातून आणलेले निर्जंतुक पाणीच भरावे. उरलेले रोज ओतून द्यावे, वरून भर घालू नये. बाटली रोज धुऊन पूर्ण वाळवावी. पिण्याचे, फिल्टरचे किंवा बॅटरीचे पाणी भरू नये." यंत्र नेणाऱ्या मुलाने तो कागद वाचला आणि विचारले, आणखी चार-पाच यंत्रे आहेत, त्यांच्यासाठीही लिहून द्याल का? त्या संध्याकाळी पाच कागद लिहिले.