घरी आलेल्या पाहुण्यास दुखापत झाली तर : घराच्या विम्याची एक बाजू

'घर पाहावे बांधून' अशी आपल्याकडे म्हण आहे. बांधलेल्या घराचा विमा उतरवावा हेही आता बहुतेकांना पटू लागले आहे. परंतु बँकेत गृहकर्जाची कागदपत्रे हाताळताना आमच्या एक गोष्ट नेहमी ध्यानात येते. कर्जदार विम्याच्या कागदावर सही करतात, पण तो कागद वाचीत नाहीत. आग, पूर, भूकंप यांची भरपाई मिळते एवढे सर्वांस ठाऊक असते. मात्र घरी आलेला पाहुणा ओल्या फरशीवरून पाय घसरून पडला व त्याचे हाड मोडले, तर खर्च कोणी द्यावयाचा, हे सहसा कोणी विचारीत नाही.

अमेरिकेतील घरमालकाच्या विम्यात या प्रश्नाचे उत्तर आधीच लिहिलेले असते. आज आपल्यातील अनेकांची मुले तिकडे नोकरी-शिक्षणासाठी राहतात आणि आईवडील त्यांच्याकडे जाऊन येतात. म्हणून ही व्यवस्था समजून घेणे उपयोगाचे आहे.

तिकडे असा विमा घेण्याची कायद्याने सक्ती नाही, पण गृहकर्ज देणारी संस्था तो मागतेच. विम्याचे दोन मुख्य भाग असतात. पहिला भाग घर व घरातील वस्तूंचा. दुसरा भाग इतरांना झालेल्या इजेचा. या दुसऱ्या भागात पुन्हा दोन वेगवेगळ्या तरतुदी आहेत आणि त्यांतील फरक हाच या विषयाचा गाभा होय.

पहिली तरतूद वैद्यकीय खर्चाची. पाहुण्यास घरात दुखापत झाली, तर चूक कोणाची हे न पाहता डॉक्टर, एक्स-रे, रुग्णवाहिका इत्यादींचा खर्च मिळतो. रक्कम लहान असते. साधारणपणे माणशी १,००० ते ५,००० डॉलर. अपघातापासून ३ वर्षांच्या आत झालेला खर्च धरला जातो. विशेष म्हणजे, ही रक्कम दिली म्हणून यजमानाने चूक कबूल केली असा अर्थ होत नाही, असे विम्याच्या प्रचलित करारात नमूद असते.

दुसरी तरतूद कायदेशीर जबाबदारीची. येथे यजमानाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. मोडलेली पायरी दुरुस्त केली नाही, जिन्यात दिवा लावला नाही, धोका माहीत असून सांगितला नाही, अशा प्रकारची ही प्रकरणे असतात. या तरतुदीची मर्यादा सामान्यतः १,००,००० डॉलरपासून सुरू होते. दावा झाल्यास यजमानाच्या वतीने वकील देण्याचे कामही विमा कंपनीच करते.

या संदर्भात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६८ सालचा 'रोलँड विरुद्ध ख्रिश्चन' हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावा. सॅन फ्रान्सिस्कोतील एका भाडेकरू बाईंच्या घरी आलेल्या पाहुण्याच्या हातात स्नानगृहातील नळाची तडकलेली चिनीमातीची मूठ फुटली व हाताच्या शिरा तुटल्या. मूठ तडकल्याचे बाईंना माहीत होते, घरमालकास त्यांनी कळविलेही होते, पण पाहुण्यास सांगितले नव्हते. पाहुण्याने घर जसे असेल तसे स्वीकारावे, असा जुना दृष्टिकोन होता. न्यायालयाने तो बाजूस सारला आणि यजमानाने वाजवी काळजी घेतली की नाही, ही कसोटी ठरविली. येथे घर भाड्याचे होते, हेही लक्षात घ्यावे. भाडेकरूंसाठीच्या विम्यातही म्हणूनच ही तरतूद असते.

या विम्यास मर्यादाही आहेत. जाणूनबुजून केलेली इजा, मोटारीचे अपघात व घरातून चालणारा व्यवसाय यांस तो सहसा लागू होत नाही. तसेच घरात कायम राहणाऱ्या कुटुंबीयांस 'पाहुणा' मानले जात नाही. मुलाकडे काही महिने राहणारे आईवडील पाहुणे की कुटुंबीय, असा वाद निघू शकतो. म्हणून मुलाच्या घराचा विमा आहे या भरवशावर प्रवासातील आरोग्य विमा टाळू नये.

आता आपल्याकडील स्थिती पाहू. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांसाठी 'भारत गृह रक्षा' ही समान स्वरूपाची पॉलिसी लागू झाली. ती इमारत व घरसामानासाठी आहे. पाहुण्याच्या दुखापतीची जबाबदारी तिच्या मूळ संरक्षणात येत नाही. काही कंपन्यांच्या गृहस्थांसाठीच्या एकत्रित पॉलिसीत 'पब्लिक लायबिलिटी' असा वेगळा विभाग असतो. तो मागून घ्यावा लागतो. घरकामास येणाऱ्या बाईंसाठीचा विभाग त्याहून निराळा असतो. १९९१ चा पब्लिक लायबिलिटी विमा कायदा नावाने सारखा वाटला, तरी तो १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर घातक पदार्थ हाताळणाऱ्या उद्योगांसाठी झालेला आहे. घराशी त्याचा संबंध नाही.

आपल्याकडे पाहुणा स्वतःच्या खिशातून खर्च करतो आणि गप्प राहतो. यजमानास अपराधी वाटते, पण ऐपत नसते. पुढे येणे-जाणे कमी होते. विम्याकडे दावा करणे म्हणजे यजमानाशी भांडण करणे, असा समज आहे. खरे पाहता, दोघांमधील ओझे तिसऱ्याने उचलावे यासाठीच हप्ता भरलेला असतो.

म्हणून आमची सर्व सभासदांस विनंती आहे की, घरातील पॉलिसी बाहेर काढून तीत 'लायबिलिटी' हा शब्द आहे काय व पुढे रक्कम किती लिहिली आहे, हे पाहावे. घरातील शिकणाऱ्या मुलामुलींकडून ती मोठ्याने वाचून घ्यावी. अपघात झाल्यास कंपनीस ताबडतोब कळवावे व दवाखान्याची बिले जपून ठेवावीत. आणि जिन्यातील बंद पडलेला दिवा मात्र आजच बदलावा. त्यासाठी कोणत्याही पॉलिसीची वाट पाहावी लागत नाही.